उन्हातलं खुराडं



गेल्या महिन्यात टेक्सासहून एका वाचक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सिस्टर, आयुष्यभर तुम्ही पेशंट सांभाळलेत, आता म्हातारपणी हे कोंबड्यांचं काय काढलंत? आणि तेही ऍरिझोनात? तिथं माणसं भाजून निघतात म्हणे!" बोलता बोलता खरं कारण कळलं. त्यांच्या नातीला कोंबड्या पाळायच्या आहेत, अंडी उबवून पिल्लं काढायची आहेत, आणि आजीला काळजी पडली आहे. तर हा लेख त्या आजीसाठी, त्या नातीसाठी आणि ज्यांच्या घरी अशी हट्टी नातवंडं आहेत त्या सगळ्यांसाठी.

आम्ही लहान होतो तेव्हा सुट्टीत रेवदंड्याजवळ आजोळी जायचो. मुंबईतली शाळा सुटली की बोट, मग एस.टी., मग पायी. आजीच्या पडवीत एक खुराडं होतं. त्यात सात-आठ कोंबड्या आणि एक तोऱ्यातला कोंबडा. आजी सकाळी उठली की स्वतःच्या चहाआधी कोंबड्यांना कणी टाकायची. मुक्या जिवाला आधी, मग आपल्या तोंडात घास, हा आपल्या धर्माचा नियम. तो तिनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, पण पाळला जन्मभर. एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून बसूनच राहायला लागली, की आजी टोपलीत राख आणि भाताचा पेंढा घालायची. राखेनं उवा होत नाहीत. मग एकेक अंडं दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेला धरून बघायची आणि निवडून कोंबडीखाली ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. आम्हाला तो चमत्कार वाटायचा.

अमेरिकेत आलो 1977 साली. ओहायोत नोकरीची वर्षं बर्फात गेली. निवृत्त झाल्यावर मुलगी-जावयाकडे ऍरिझोनात आलो. घर फिनिक्सच्या पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर, म्हणून मागे थोडी मोकळी जमीन आहे. 2020 मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. त्याचा जीव रमावा म्हणून पोस्टानं पिल्लं मागवली. हो, पोस्टानं! अमेरिकेत 1918 सालापासून एक दिवसाची पिल्लं टपालानं पाठवतात. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. देवानं प्रवासाची शिदोरी बांधूनच दिलेली असते. पोस्टमास्तरांचा फोन आला तेव्हा मागून चिवचिवाट ऐकू येत होता.

अमेरिकेत ज्यू लोकांनी कोंबड्या पाळणं ही काही नवी गोष्ट नाही, बरं का. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमा नावाचं गाव आहे. तिथे 1879 साली लायमन बाइस यांनी उबवणीचं यंत्र तयार केलं आणि पुढे त्या गावाला जगाची अंड्यांची टोपली म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं तिथे जाऊन कोंबडीवाले झाली. कोणी शिंपी होतं, कोणी कारखान्यातला कामगार. त्यांनी 1925 साली स्वतःचं सेंटर बांधलं. त्याचं नाव काय, माहीत आहे? बिनाय इस्राएल! वाचल्यावर आम्ही चष्मा काढून पुसला. आपलंच नाव की हो. तेही ज्यू, आपणही ज्यू, फक्त त्यांच्या गावात समुद्राचा गार वारा होता. आमच्याकडे वाळवंट आहे. इथे त्यांचं सगळंच शहाणपण चालत नाही.

कोंबडीला घाम येत नाही

आधी शरीर समजून घेऊ. नर्सची सवय आहे, क्षमा असावी. निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमान 106 ते 107 फॅरनहाइट असतं. आपल्याला तेवढा ताप आला तर अँब्युलन्स बोलवावी लागेल. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. उकडलं की ती पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या कल्ल्यांतून उष्णता बाहेर टाकते, आणि चोच उघडून भराभरा श्वास घेते. हवा नव्वद अंशांच्या वर गेली की धाप सुरू होते. शंभरच्या वर जिवाशी खेळ.

ही धाप नुसती दमल्याची नसते. भराभर श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याचं कवच बनवायला लागणारा माल कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात. वॉर्डात घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या पेशंटच्या बोटांना मुंग्या येतात ना, तोच प्रकार. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नुसते शिंपले वाढवत बसलो. शिंपले हवेतच, पण सावली आणि गार पाणी दिल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

आता फिनिक्सचं ऊन म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. 2023 साली 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस तापमान 110 अंश किंवा त्याहून वर गेलं. 2024 साली सलग 113 दिवस पारा शंभर किंवा त्यावर होता. ह्यात कोंबडी जगवायची आणि तिची पैदास करायची, तर आधी जात नीट निवडावी लागते.

जात कुठली घ्यावी

मोठ्या, गुबगुबीत, पायांवरही पिसं असलेल्या कोंबड्या दिसायला सुंदर. पण त्या थंड मुलखाच्या. उन्हाळ्यात लहान चणीची, मोठ्या तुऱ्याची, आटोपशीर पिसांची कोंबडी बरी. आम्ही तीन जाती ठेवल्या.

पहिली ऱ्होड आयलंड रेड. तांबडी, भरपूर अंडी देणारी, इतकी प्रसिद्ध की 1954 पासून ती ऱ्होड आयलंड राज्याचा राज्यपक्षी आहे. ऊन तिला मध्यम सोसतं. दुसरी फायूमी. ही इजिप्तमधली, कैरोच्या नैऋत्येला फायूम म्हणून प्रदेश आहे तिथली. लहान, चपळ, काटक, अंडं छोटं पण रोगाला दाद न देणारी. पेसाहच्या सेदरला नातू म्हणाला, "आजी, आपण मिसरहून निघालो तेव्हा कोंबड्यापण आणल्या का?" आम्ही म्हटलं, "त्या मागाहून आल्या, विमानानं."

तिसरी उघड्या मानेची. हिच्या मानेवर पिसंच नसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला काही रोग झालाय. आमच्या मुलीनं तर नाकच मुरडलं. पण गंमत अशी की ज्या गुणामुळे मान उघडी राहते, त्याच गुणामुळे अंगावरची पिसंही कमी होतात. आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूनं तो गुण आला तर पिसं साधारण पाव हिश्शानं कमी. दोन्हीकडून आला तर चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. जणू जूनमध्ये लोकरीचा कोट काढून ठेवला.

बालदोस्तांनो, इथे लक्ष द्या, कारण ही शाळेत येणारी गोष्ट आहे. ज्या पिल्लाला तो गुण एकाच बाजूनं मिळतो, त्याच्या मानेच्या पुढच्या भागावर पिसांचा एक छोटा झुपका असतो, जणू बो-टाय लावलाय. दोन्ही बाजूंनी मिळाला तर मान जवळजवळ साफ. म्हणजे पिल्लाकडे नुसतं बघून त्याच्या आईबापाचा हिशेब सांगता येतो. साफ मानेचा कोंबडा आणि पूर्ण पिसांची कोंबडी यांची सगळी पिल्लं बो-टायवाली. बो-टायवाला कोंबडा आणि पिसांची कोंबडी यांची साधारण निम्मी बो-टायवाली, निम्मी साधी. हे नियम मेंडेल नावाच्या पाद्र्यानं वाटाण्यांवर शोधले आणि 1865 साली मांडले. आमच्या नातवानं ते खुराड्यात बसून शिकले.

आमच्याकडचा साफ मानेचा कोंबडा नातवाचा लाडका. त्याचं नाव त्यानं शिमशोन ठेवलं. शिमशोनची ताकद त्याच्या केसांत होती, आणि ह्याच्या मानेवर तर एक पीसही नाही. नातू म्हणे, "ह्याची ताकद नसलेल्या केसांत आहे!"

अंडं कधी उबवायचं

आजीच्या वेळी खुडूक कोंबडीच ठरवायची. इथे आपण ठरवायचं. वाळवंटात पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत काढावीत. म्हणजे दीड-दोन महिन्यांत पिसं येतात आणि जून यायच्या आत तलंगा चांगल्या उभ्या राहतात. कडक उन्हात कोंबड्याचं बीजही कमजोर होतं, निम्मी-अधिक अंडी वांझ निघतात.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फळलेलं अंडं साधारण सत्तर फॅरनहाइटच्या खाली झोपून राहतं. त्याच्या वर गेलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो. उन्हाळ्यात खुराड्यात शंभर अंशांत अंडं चार तास पडलं तर आतला जीव जागा होतो, मग आपण ते गार खोलीत नेतो, तो पुन्हा थांबतो, आणि बहुधा मरतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करायची. पैदाशीची अंडी साध्या फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, तो फार थंड. पंचावन्न ते पासष्ट अंश हवेत. आमच्याकडे किद्दुशचा वाईन ठेवायला जावयानं एक छोटा फ्रिज घेतला होता. त्यात आता एका बाजूला वाईन आणि एका बाजूला अंडी. आठवड्याच्या आत उबवायला ठेवावीत, उशीर झाला की पिल्लं कमी निघतात.

मग शाबाथला काय करता, असं कोणी विचारेल. कोंबड्यांना दाणापाणी देतो, कारण त्या आपल्यावर अवलंबून आहेत, आणि त्यांना उपाशी ठेवणं हे पाप. पण शाबाथला घातलेलं अंडं रात्र होईपर्यंत उचलत नाही. सणाच्या दिवशी घातलेलं अंडं खावं की नाही, ह्यावर शम्माय आणि हिल्लेल यांच्या शिष्यांमध्ये वाद होता आणि तल्मुदातला एक अख्खा भाग त्याच वादानं सुरू होतो. त्याचं नावच मुळी अंडं, बेत्सा. तेव्हा आमच्या वहीत शनिवारची अंडी पैदाशीत धरलेली नाहीत. ती रविवारी ऑम्लेटला जातात.

ऑम्लेटवरून आठवलं. कोंबडा ठेवला की प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून बघायचं, ही आजीची शिस्त आम्ही मोडत नाही. रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडं बाद. पण मुलांना घाबरवू नका. तो ठिपका बहुतेक वेळा कोंबडीच्या अंगातली बारीक रक्तवाहिनी फुटल्याचा असतो, आत पिल्लू असल्याचा नव्हे.

एकवीस दिवसांचा वॉर्ड

उबवणी यंत्र म्हणजे आमचा छोटा आय.सी.यू. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 99.5 अंश. एखाद्या अंशाचा फरकही पिल्लांना महागात पडतो. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. दिवसातून निदान तीन वेळा अंडी फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. बेडसोर होऊ नये म्हणून पेशंटची कूस बदलतो, तसंच. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. मुलांसाठी हे तीन दिवस सगळ्यात कठीण.

इथली हवा इतकी कोरडी की यंत्रातलं पाणी उडून जातं. ओलावा बरोबर आहे की नाही हे वजनावरून कळतं. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्क्यांनी घटायला हवं. साठ ग्रॅमचं अंडं त्रेपन्नच्या आसपास यावं. फार घटलं तर पिल्लू आत सुकतं, कमी घटलं तर जणू बुडतं. नातू स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो आणि आम्ही चार्ट भरतो.

सातव्या रात्री दिवे घालवून अंड्यामागे टॉर्च धरायचा. आजीच्या दाराच्या फटीचं हे आधुनिक रूप. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव आहे. काहीच दिसलं नाही तर अंडं वांझ. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर जीव होता, गेला.

तो जुलै

आता जे सांगायचं मनात होतं ते सांगतो. 2023 चा जुलै. सलग 110 च्या वरच्या त्या 31 दिवसांतलाच एक. खुराड्यावर सावलीचं कापड होतं, बारीक फवारे मारणारी नळी होती, माठाच्या तत्त्वावर ओलं गोणपाट टांगलेलं होतं. कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. पाणी उडतं आणि गारवा देतं. पण इथलं पाणी क्षाराचं. फवाऱ्याच्या तोंडाशी चुना साठून ते बंद पडले होते, आणि आम्ही आठवडाभर तपासलेच नव्हते. चूक आमची. वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर दर पाळीला तपासणारे आम्ही, इथे विसरलो.

दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून शिमशोन आडवा दिसला. आम्ही तशाच धावलो. नळीचं पाणी सोडलं तर ते उकळतं आलं, कारण नळी दिवसभर उन्हात पडलेली. घरातून बादली आणली, त्याचे पाय आणि पोट पाण्यात धरलं. उशीर झाला होता. मग बाकीच्यांना एकेक करून बाथरूममध्ये हलवायला लागलो. किती खेपा घातल्या, आठवत नाही. एवढं आठवतं की नातू दारात उभा राहून ओरडला, "आजी, तू पण तोंड उघडून श्वास घेतेयस! तू शिमशोनसारखी करतेयस!"

आम्ही त्याला म्हणालो, "गप रे, मला काही झालेलं नाही." पण शब्द नीट येईनात. तेव्हा तो नऊ वर्षांचा. त्यानं आमचा हात धरून आत ओढलं, टबात बसवलं, कपड्यांसकट नळ सोडला आणि आईला फोन लावला. मुलीनं फोनवरूनच 911 ला कळवलं. माणसं आली, सलाईन लागलं, संध्याकाळी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं बाहेर राहिला असता तर सांगता आलं नसतं.

चाळीस वर्षांहून जास्त आम्ही लोकांना उष्माघाताची लक्षणं शिकवली. स्वतःची कळली नाहीत. हेच त्या आजाराचं वैशिष्ट्य आहे. आधी डोकं गोंधळतं, म्हणून ज्याला होतो त्यालाच कळत नाही. त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. त्यांत घरात गेलेलेही होते, आणि त्यांपैकी बऱ्याच घरांतला ए.सी. बंद होता.

म्हणून वाचकहो, कोंबड्या पाळा वा न पाळा, एवढं ऐकाच. म्हातारपणी तहान कमी लागते. ब्लड प्रेशरच्या आणि लघवीच्या गोळ्या अंगातलं पाणी आणखी कमी करतात. तहान नसली तरी पाणी प्या. गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अडखळायला लागलं, अंग तापून गेलं, तर घाम असो वा नसो, 911. मदत येईपर्यंत गार पाणी अंगावर. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. आणि एकटं राहणाऱ्या आपल्या माणसाला उन्हाळ्यात रोज एक फोन करा. भावकीतला असो वा नसो.

शिमशोनची पाच

रात्री नातू जेवला नाही. शिमशोन गेला म्हणजे त्याच्यासाठी सगळं संपलं होतं, कारण साफ मानेचा दुसरा कोंबडा आमच्याकडे नव्हता. तीन वर्षं वहीत लिहिलेला हिशेब बंद. आम्ही पडल्या पडल्या विचार केला आणि त्याला बोलावलं. म्हटलं, "बाळा, कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज साठून राहतं. तो नसला तरी दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त, फळलेली अंडी येतात. उद्यापासून त्याच्या वाड्यातली अंडी वेगळी ठेव."

तो पहाटे पाचला उठून गोळा करायला लागला. आम्हाला बाहेर जायची बंदी घातली होती, ती त्यानंच. दहा दिवसांत वीस चांगली अंडी जमली. हंगाम चुकीचा, ऊन कडक, आम्ही फार आशा दाखवली नाही. सातव्या रात्री टॉर्च लावला. अकरा वांझ. दोनांत रक्ताचं कडं. सातांत शिरा. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली आणि पाचांच्याही मानेवर बो-टाय. धुण्याच्या खोलीत ती वाढली. दोन कोंबडे, तीन तलंगा.

आता पुढचा प्रश्न. ह्या कोंबड्यांना त्यांच्याच आया-बहिणींत सोडायचं का? छोट्या कळपात हाच धोका. नात्यातल्या नात्यात पैदास होत राहिली की तीन-चार पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिल्लं नाजूक निघतात. आपला समाजही लहान. स्थळ बघताना आपल्या आयाबाया पणजोबापर्यंत नाती खणून काढायच्या, ते उगाच नव्हे! तीच युक्ती आम्ही खुराड्यात करतो. वाडे दोन. मुली आईच्याच वाड्यात राहतात, मुलगे दरवर्षी पलीकडच्या वाड्यात जातात. प्रत्येकाच्या पायात रंगीत कडी, वहीत आई कोण, बाप कोण. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. चार वर्षांनी बाहेरून नवा कोंबडा आणायचा. शिमशोनचा मुलगा 2024 च्या जानेवारीत फायूमींच्या वाड्यात गेला. त्याची पिल्लं वहीतल्या हिशेबाप्रमाणे निम्मी बो-टायवाली निघाली. नातवाला शाळेत विज्ञानाचं बक्षीस मिळालं, हे लिहिलं नाही तर तो रागवेल.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. निम्मी पिल्लं नर निघतात. सगळे ठेवता येत नाहीत. गावी हज्जान यायचे, शेहिता करायचे, आणि ते सणाचं जेवण असायचं. इथे तशी सोय जवळ नाही. जादा कोंबडे आम्ही एका शेतकऱ्याला देतो. ते तिथे कायम नाचत-बागडत राहतात, असं आम्ही नातवाला खोटं सांगितलं नाही. त्याला ज्या दिवशी पैदास करायची होती, त्याच दिवशी हे सांगितलं होतं. तो दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "तर मग कमी अंडी ठेवू या." बरोबरच बोलला. जेवढी सांभाळता येतील तेवढीच उबवावीत.

नातीसाठी, मुद्द्याचं

टेक्सासच्या नातीबाई, सुरुवात करण्याआधी गावाचे नियम विचारा. आमच्या राज्यात 2024 च्या कायद्यानं छोट्या जागेतल्या घरालाही सहा कोंबड्यांपर्यंत मुभा मिळाली, पण कोंबड्याला मनाई करायचा अधिकार नगरपालिकेकडेच राहिला. आणि कोंबड्यावाचून पैदास नाही.

पिल्लं तपासलेल्या ठिकाणाहूनच घ्या. 1935 पासून इथे राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना आहे. तिच्यात रक्ताचा थेंब काचेवर घेऊन कळपात पुलोरम रोग आहे का ते बघतात. पिल्लांचे मुके घ्यायचे नाहीत, हात लावला की साबणानं धुवायचे. साल्मोनेला पिल्लाला न आजारवताही तुम्हाला दवाखान्यात पाठवू शकतो. खुराड्याचे बूट वेगळे ठेवा. रानपक्ष्यांना दाण्यापाशी येऊ देऊ नका. 2006 साली आपल्या महाराष्ट्रात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. 2025 च्या मे महिन्यात आमच्या ऍरिझोनातही मोठ्या फार्मांवर तोच रोग पोचला आणि सुमारे साठ लाख कोंबड्या गेल्या. एकाच वेळी खूप कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका, राज्याच्या पशुवैद्यकांना कळवा.

उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि संध्याकाळी, कारण पचनानंही अंग तापतं. पाणी सावलीत, दोन-तीन ठिकाणी, दुपारी एकदा बदललेलं. उथळ परातीत पाणी ठेवलं तर त्या पाय बुडवून उभ्या राहतात. तुमच्याकडे टेक्सासच्या किनाऱ्याला हवा दमट असेल, तर फवाऱ्यांचा फार उपयोग नाही. तिथे पंखा हवा. आमच्याकडेही जुलै-ऑगस्टच्या पावसाळी हवेत फवारे हात टेकतात. आणि फवाऱ्याची तोंडं दर शुक्रवारी, शाबाथच्या तयारीबरोबर, व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करायची. आम्ही आता करतो.

आमच्या घरी एक पाटी लागली आहे. नातवाच्या अक्षरात, मराठीत, थोडी चुकलेली. "सकाळी दहा नंतर आजी बाहेर जानार नाही." 'जाणार' मधला ण आम्ही मुद्दाम सुधारला नाही. पुढच्या वर्षी त्याचं बार मिस्वा आहे. मुलीला काळजी आहे की त्याला पाराशा नीट पाठ होईल की नाही. आम्हाला नाही. ज्या मुलानं एकवीस दिवस, दिवसातून तीनदा, न चुकता अंडी फिरवली, तो पाठही करील.

पुढच्या अंकी वाचकांच्या मागणीवरून गुडघेदुखीवर लिहू. तोवर पाणी प्या, सावलीत बसा, आणि कोणी तुम्हाला आत ओढायला आलं तर मुकाट्यानं आत या.